दोन्ही संघांना टाळ्या

पाहुण्या ग्रॅनविक संघाच्या पोराने बास्केटबॉल सामन्यातला पहिला बास्केट टाकला तेव्हा टॉर्सबीच्या शाळेच्या जिममध्ये आमच्या बाजूच्या बाकांवरून एकाच बाईने टाळ्या वाजवल्या. ती बाई टॉर्सबीच्याच शाळेची नवी अधीक्षक होती.

टाळ्या काही दणदणीत नव्हत्या. मोजक्या, नेटक्या, पाहुण्याला चहाला बोलवावं तशा. पण जिम असं भरलेलं की गावात घरी राहिली असतील ती फक्त कुत्री, आणि त्या भरल्या जिममध्ये नेमकी त्याच क्षणी शांतता पडलेली. ड्रम वाजवणाऱ्याची काठी हवेत राहिली. आमच्या संघाचं चिन्ह म्हणजे साखरेचं बीट. फोमचं बीट अंगावर चढवून नाचणारं पोर जागच्या जागी थिजलं आणि डोक्यावरची हिरवी पानं तेवढी हलत राहिली.

मग आपल्या पोराने बास्केट टाकला. आर्लिसबाईंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तेवढ्याच, तशाच.

"आर्लिस," शेजारी बसलेला त्यांचा नवरा वर्डेल ओठ न हलवता म्हणाला, "मघाचा त्यांचा होता."

"ठाऊक आहे. छान टाकला त्याने."

"छान टाकला म्हणून टाळ्या नसतात गं वाजवायच्या. आपल्याने टाकला म्हणून वाजवायच्या असतात."

"मग त्या टाळ्यांना काय अर्थ?" आर्लिसबाईंनी खरोखरच विचारलं.

वर्डेलने आपली मिशी चावली. त्या मिशीकडे लक्ष ठेवा, पुढे तिचंही काम आहे.

आर्लिस हॉगन मूळच्या टॉर्सबीच्याच. वडिलांची बिटाची शेती गावाबाहेर, उत्तर डकोटाच्या त्या सपाट काळ्या मातीत, जिथे पळून चाललेलं कुत्रं तीन दिवस दिसत राहतं असं आम्ही म्हणतो. शिक्षण संपवून त्या याच शाळेत बीजगणित शिकवू लागल्या, पुढे शाळा चालवण्याची पदवीही घेतली. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत राजधानीत राज्याच्या निवडणूक कार्यालयात मतपत्रिका तपासायचं काम मिळालं. सुट्टीपुरतं म्हणून गेल्या आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिल्या. हळूहळू चढत चढत त्या सगळ्या राज्याच्या निवडणुका पार पाडणाऱ्या विभागाच्या प्रमुख झाल्या.

या कामाची एकच अट, आणि आर्लिसबाईंनी ती एखाद्या व्रतासारखी पाळली. आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे जगात कुणालाही कळता कामा नये. आता इतर अधिकारी हे व्रत कचेरीत पाळतात आणि घरी गेल्यावर बूट काढतात तसं काढून ठेवतात. आर्लिसबाईंनी काढलंच नाही. लाल रंग घालायच्या नाहीत, कारण तो एका पक्षाचा रंग, निळा दुसऱ्याचा. हिरव्या रंगाचाही कुणीतरी असेल म्हणून तोही सोडला. उरले राखाडी, खाकी आणि ओल्या पुठ्ठ्याचा रंग. हॉटेलात गेल्यावर त्या यादीतल्या दोन्ही सुपांची नावं मन लावून वाचायच्या आणि म्हणायच्या, "दोन्ही चांगली वाटतायत," आणि वाढणारी मुलगी दमून जे आणून ठेवेल ते खायच्या.

वर्डेलने लग्नाचं विचारलं तेही नेमकं निवडणुकीच्या आठवड्यात. बिचारा कृषी अवजारांच्या दुकानातून थेट आलेला, हातात अंगठी, नखांत ग्रीस.

"आर्लिस, माझ्याशी लग्न करशील?"

"कल तर अनुकूल दिसतोय," त्या म्हणाल्या, "पण अधिकृत पडताळणी होईपर्यंत मला काही जाहीर करता यायचं नाही."

आणि खरंच थांबवलं त्याला. राज्यातल्या शेवटच्या जिल्ह्याचे आकडे आले, सह्या झाल्या, तेव्हा कुठे फोन करून 'हो' म्हणाल्या. वर्डेल सांगतो, त्या दिवसांत त्याने निवडणुकीच्या बातम्या जितक्या जीव मुठीत धरून ऐकल्या तितक्या उभे राहिलेल्या माणसांनीही ऐकल्या नसतील.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा मान मात्र त्यांना मिळाला एका खेड्याच्या सभागृहाच्या फरशीवर, पालथ्या पडलेल्या असताना. दोन चुलतभावांना सारखीच मतं पडली होती. आमच्याकडे अशा वेळी नाणं उडवतात. उडवलं. ते पडलं, गडगडलं आणि जुन्या पियानोच्या खाली गेलं. आर्लिसबाई म्हणाल्या, "कुणी हलायचं नाही, पियानो तर मुळीच नाही." मग राखाडी कोटासकट जमिनीवर झोपून, बॅटरी हातात घेऊन, गाल फरशीला लावून त्या पियानोखाली बघत राहिल्या. सगळा गाव त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. एक रेघ हलली नाही. उठल्या, कोट झटकला, निकाल सांगितला. हरलेला भाऊ टोपी काढून म्हणाला, "बाई, तुमच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही नाणं कुणाचं पडलंय." हे वाक्य आर्लिसबाईंनी आयुष्यभर जपलं. रंगमंचावर उभं आयुष्य काढलेल्यांनाही असा चेहरा साधत नाही.

तर अशा बाई टॉर्सबीच्या शाळेत परत कशा आल्या? जुना अधीक्षक डेल्मर गुडघ्यांना ऊन हवं म्हणून ॲरिझोनाला निघून गेला. जागेसाठी एकही अर्ज आला नाही. शाळा मंडळाचे अध्यक्ष हार्लन रुस्ताद यांनी राजधानीत फोन लावला.

"आर्लिस, तुझ्याकडे ती पदवी आहे ना अजून?"

"आहे."

"मग ये की. पगार वाईट नाही." आमच्याकडे 'वाईट नाही' म्हणजे त्याहून चांगलं काही उरलंच नाही. "एक वर्षाचा करार. मार्चमध्ये मंडळ मत घेईल, पुढे ठेवायचं की नाही."

बाई आल्या. पहिल्या दिवशी सकाळी त्या दरवाज्याजवळ उभ्या राहिल्या. घंटा झाली, दारं उघडली आणि पोरांचा लोंढा आत आला. डबे, दप्तरं, एकाच पायात मोजा, कुणाच्या खिशात जिवंत बेडूक. मतदानाच्या सकाळी केंद्राचं दार उघडताना त्यांच्या छातीत जे व्हायचं तेच झालं. फरक इतकाच की मतदान दोन वर्षांनी यायचं आणि हा सोहळा रोज सकाळी होता. आर्लिसबाई त्या क्षणी या नोकरीच्या प्रेमात पडल्या. आता मरेपर्यंत हे दार सोडायचं नाही, असं त्यांच्या मनाने ठरवून टाकलं. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. कुणालाही सांगितलं नाही. वर्डेललासुद्धा नाही.

आणि काम तर असं केलं की विचारू नका. बसगाड्या अशा वेळेवर येऊ लागल्या की शेतकरी त्यांच्यावर घड्याळं लावू लागले. शुक्रवारी जेवायला काय, हे पोरांनी मतदानाने ठरवायचं. त्यासाठी खऱ्या पडद्यांची खोकी आणली. एका बाजूला ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याच्या गोळ्यांचा हॉटडिश, दुसऱ्या बाजूला पिठाचे गोळे सोडलेलं क्नेफ्ला सूप. बालवर्गातली एक चिमुरडी पडद्याआडून बाहेर आली, डोळे हे एवढाले करून.

"हॉगनबाई, मी कुणाला मत दिलं ते आईला सांगू शकते का?"

"तुझी मर्जी. पण आई तुझ्यावर जबरदस्ती करू शकत नाही."

त्या पोरीने घरी जाऊन आईला हे ऐकवलं, आणि त्या घरात त्यानंतर भाज्यांवरूनही गुप्त मतदान सुरू झालं.

सगळं कसं छान चाललं होतं. पण गावाला नुसतं छान पुरत नाही. गावाला बाई आपल्या हव्या होत्या.

ऑक्टोबरात चर्चचं जेवण झालं, ज्याला आर्लिसबाई राजधानीतूनही दरवर्षी यायच्या. दरवर्षीप्रमाणे शाळेची कारकून लवोन आणि मंडळाची सभासद जोलीन या दोघींनी रुबार्बच्या आंबट देठांची पाई केली. या दोघींचं पाईयुद्ध इतकं जुनं की त्यात दोन पाळकांनी बदली मागून घेतली. आर्लिसबाईंनी दोन्ही खाल्ल्या, दोन्ही बशा साफ केल्या.

"कशी झालीय?" जोलीनने विचारलं.

"दोन्ही खाण्याजोग्या होत्या."

"अगं आर्लिस, माझी विचारतेय मी. राज्याचा निकाल नाही विचारत."

"तुझीही खाण्याजोगी होती," आर्लिसबाई मायेने म्हणाल्या.

जोलीनने ती बशी इतक्या हळू उचलली की लवोनला भीती वाटली. मग ग्रॅनविकचा तो सामना झाला, त्या टाळ्या झाल्या. कॉफीच्या टेबलांवर कुजबुज सुरू झाली. "बाई वाईट नाहीत, पण आहेत कुणाच्या?"

आणि मग आलं बीट.

टॉर्सबीची रीत अशी की हंगामाच्या घरच्या शेवटच्या सामन्यात ते फोमचं बीट पोराने नाही, खुद्द अधीक्षकाने अंगावर चढवायचं आणि गावापुढे नाचायचं. डेल्मर वर्षानुवर्षं नाचला. त्यातच ते गुडघे गेले. शेवटचा सामना पुन्हा ग्रॅनविकशीच. लवोनने बीट इस्त्री करता येईल तेवढं इस्त्री करून आणलं.

"आर्लिस, ही तुझी संधी आहे. नाचून टाक एकदा. गाव सगळं विसरेल."

आर्लिसबाई बिटात शिरल्या. मध्यंतराचं संगीत लागलं. आणि मंडळी, बाई नाचल्या. गुलाबी फोम उसळतोय, हिरवी पानं छताला लागतायत, राखाडी स्कर्टखालचे ते दोन पाय असे थिरकतायत की वर्डेल बाकावर उभा राहिला. बिटाच्या आत चेहरा दिसत नव्हता, म्हणून असेल कदाचित. टॉर्सबीची बाजू उठून नाचू लागली. हार्लन रुस्ताद यांनी लग्नातसुद्धा हलवले नसतील असे खांदे हलवले.

मग बीट वळलं. टुणटुण उड्या मारत जिम ओलांडून ग्रॅनविकच्या बाकांपुढे गेलं आणि त्यांच्यासमोर नाचलं. तेवढाच वेळ, त्याच पावलांनी.

ग्रॅनविकवाल्यांनी उभं राहून टाळ्या दिल्या. त्या नाचाने चेव चढलेल्या ग्रॅनविकच्या पोरांकडून आमचा संघ एका गुणाने हरला.

"पण निष्पक्ष नाच होता," बिटातून डोकं बाहेर काढत, घामाने निथळत आर्लिसबाई म्हणाल्या.

"होता," लवोन म्हणाली आणि खाली बसली. "आर्लिस, पुढच्या आठवड्यात तुझ्या कराराचं मत आहे."

मंडळाची सभा शाळेच्या ग्रंथालयात होती. बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर सभासद गुडघे छातीशी घेऊन बसले. सात जणांतला एक आला नव्हता, त्याच्या गाई व्यायला झाल्या होत्या. भिंतीला टेकून निम्मा गाव उभा. टेबलावर लवोनने केलेल्या चॉकलेट-ओट वड्यांचा ट्रे, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे त्यातला शेवटचा तुकडा कुणीच घेत नव्हतं. शेवटचा तुकडा घेणं म्हणजे हावरेपणा. त्यामुळे जो तो येऊन त्याचे दोन भाग करत होता आणि अर्धाच उचलत होता. तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा झाला तरी सुरी चालूच.

हार्लननी ठराव वाचला. आर्लिस हॉगन यांचा करार पुढे चालू ठेवावा. हात वर झाले. बाजूने तीन. विरुद्ध तीन, त्यात जोलीनचा हात सर्वांत उंच.

हार्लननी दोनदा मोजलं आणि टोपी मागे सरकवली. "आता? आर्लिस, सारखी मतं पडली तर काय करतात? तुलाच माहीत. नाणं उडवायचं का?"

लवोनने डोळ्यांनी खुणावलं, नाणं म्हण. वर्डेलने खिशातून नाणं काढूनही ठेवलं.

"नाणं निवडणुकीत," आर्लिसबाई शांतपणे म्हणाल्या. "मंडळात सारखी मतं पडली की ठराव नामंजूर. मला काढलंत तुम्ही."

"अगं, पण..."

"नियम आहे तो, हार्लन. तुम्ही नोंद करून घ्या."

त्यांच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. फक्त वर्डेलला दिसलं की त्यांचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता, आणि बोटं पांढरी पडली होती. एवढी वर्षं संसार केलेल्या माणसाला चेहरा वाचायची गरज नसते.

"हार्लन," वर्डेल भिंतीजवळून म्हणाला, "तिला विचारा ना तिला काय हवंय ते. मी कधी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण उत्तर मिळालं नाही."

हार्लन बुटक्या खुर्चीतून कसेबसे उभे राहिले. "आर्लिस, तुझ्या बापाचा मी शेजारी. तू शाळेत पहिली यायचीस तेव्हासुद्धा तू हसली नाहीस, दुसऱ्या आलेल्याला वाईट वाटेल म्हणून. मी आज बाजूने मत दिलंय, तरी विचारतो. तुला ही शाळा हवीय का? सरळ सांग."

आर्लिसबाईंनी तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. आणि बाहेर आलं, "दोन्ही बाजूंना काही..."

"आर्लिस," जोलीन म्हणाली.

आर्लिसबाई थांबल्या. समोर ट्रेमध्ये तो नखाएवढा तुकडा पडला होता. त्यांनी हात पुढे केला आणि सुरी न वापरता अख्खाच्या अख्खा उचलून तोंडात टाकला.

ग्रंथालयात कुणाची तरी कॉफी सांडली.

"हवीय," तुकडा चावत आर्लिसबाई म्हणाल्या. "मला ही शाळा हवीय. पहिल्या दिवसापासून हवीय. सकाळी दार उघडतं ना, तेव्हा मला गावंसं वाटतं, आणि मला गाता येत नाही म्हणून मी गप्प राहते. आणि ग्रॅनविकच्या जिमला ओल्या हातमोज्यांचा वास येतो. आणि शेवटच्या सामन्यातला तो पंच आंधळा होता, आपला बास्केट वेळेतच पडला होता, मी बिटाच्या भोकातून पाहिलंय. डेल्मरला नाचता येत नव्हतं. देव त्याच्या गुडघ्यांचं भलं करो, पण ते नाचणं नव्हतं. हार्लन, तुमची कॉफी म्हणजे गरम पाणी आहे. क्नेफ्ला सूप हॉटडिशपेक्षा कधीही चांगलं. मला लाल रंग आवडतो. वर्डेल, ती मिशी मला लग्नाच्या आधीपासून आवडत नाही."

वर्डेलचा हात नकळत मिशीवर गेला.

"आणि जोलीन," बाईंनी दम घेतला, "लवोनची पाई तुझ्यापेक्षा चांगली आहे. तू साखर फार घालतेस. रुबार्ब आंबट असायला हवा. पण तुझ्या कूखनसारखं सायीच्या पुरणाचं कूखन मी राज्यभर फिरले तरी कुठे खाल्लं नाही, आणि तू पाईच्या मागे लागून ते करायचंच सोडलंस याचा मला दर ऑक्टोबरात राग येतो."

संपलं. आर्लिसबाई लाल झाल्या होत्या, खऱ्या अर्थाने, कानापर्यंत. स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्यासारख्या त्या पोरांच्या पुस्तकांच्या कपाटाला टेकल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग थांबेचना. लवोनलाही हसू आलं, हार्लननाही आलं, भिंतीजवळचा निम्मा गाव हसत सुटला.

जोलीन हसली नाही. ती बुटक्या खुर्चीत ताठ बसली होती.

"हार्लन, पुन्हा मत घेता येतं का?" तिने विचारलं.

हार्लननी आर्लिसबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे पुसत सांगितलं, "येतं. पण ज्या बाजूचा निकाल लागला त्या बाजूच्याच सभासदाने तसं मांडलं पाहिजे. म्हणजे विरुद्ध मत दिलेल्याने."

"म्हणजे मीच."

"तू किंवा ते दोघं."

"ते दोघं नकोत. मीच मांडते." जोलीनने स्वेटर खाली ओढला. "माझी पाई दुसरी आहे. इतकी वर्षं विचारत होते मी, आज कळलं. दुसरी तर दुसरी. पण जिला दुसरी म्हणायची छाती आहे ती बाई आपली आहे. परक्यांना आपण 'वाईट नाही' म्हणतो."

पुन्हा हात वर झाले. सगळे सहा. आणि नियमात बसत नसतानाही भिंतीजवळच्या निम्म्या गावाचे.

घरी जाताना पिकअपमध्ये वर्डेल सारखा आरशात आपली मिशी बघत होता.

"मिशीचं आधी सांगायचंस."

"तुझं मत कलुषित झालं असतं."

"आणि इतकी वर्षं मत कुणाला देतेस तेही सांगून टाक आता."

"ते गुप्त असतं, वर्डेल," आर्लिसबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसत सुटल्या.

सकाळी वर्डेल नाश्त्याला आला तो ओठ सफाचट करून. आर्लिसबाईंनी काटा खाली ठेवला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि सांगितलं की मिशीच बरी होती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपला निकाल फिरवला.

पुढच्या हंगामात ग्रॅनविकशी पहिला सामना आला तेव्हा त्या लाल स्वेटर घालून आमच्या बाजूला, अगदी ड्रमच्या मागे बसल्या होत्या. शेजारी जोलीन, मांडीवर अजून गरम असलेल्या कूखनचं ताट. ग्रॅनविकच्या एका उंच पोराने मध्यरेषेपासून चेंडू फेकला. असा फेकला की चेंडू कडेलाही न लागता जाळ्यातून गेला. जिममध्ये नेमकी तीच जुनी शांतता पडली. सगळ्या टॉर्सबीने मान वळवून आर्लिसबाईंकडे पाहिलं.

त्या आपल्या दोन्ही हातांवर बसल्या होत्या.

"छान टाकला," त्या पुटपुटल्या, फक्त वर्डेलला ऐकू जाईल इतक्या हळू.

"तुझे हात कुठेयत?"

"दाबून धरलेत. आपला कधी टाकतोय, सांग लवकर. मुंग्या आल्यात."